पणजोबांची काशी कुठल्या भिंतीवर लावू?

मागच्या अंकात जुन्या तसबिरींबद्दल लिहिलं आणि त्यानंतरच्या टपालात काशीच काशी आली. कोकणातल्या घरांत गंगेचा गडू असतो, तसा एखाद्या घरात बनारसच्या घाटाचा जुना फोटोही असतो. रत्नागिरीत बत्तीस वर्षं फ्रेमिंगच्या दुकानात बसून हे मला ठाऊक होतं, पण इतके असतील असं वाटलं नव्हतं. म्हणून यावेळी सगळी जागा त्या फोटोंनाच देते.

प्रश्न : ताई, गणपतीआधी माळा झाडताना जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो सापडला. साधारण अकरा इंच रुंद, नऊ इंच उंच. नदी, पायऱ्या, छत्र्या आणि वर दोन उंच मिनार. रंग चहासारखा. मागे मोडीत दोन ओळी आहेत, त्या आम्हाला वाचता येत नाहीत. माझ्या मिस्टरांचे पणजोबा काशीला जाऊन आले होते, त्यांचा गडू अजून देवघरात आहे. फोटो त्यांनीच आणला असणार असं घरात म्हणतात. मिस्टर म्हणतात, लॅमिनेट करून ओटीवर दारासमोरच लावू या. लावू का? आणि हा किती जुना असेल? सोबत पुढचे-मागचे फोटो पाठवत आहे.
— एक वाचक, केळशी

उत्तर : लॅमिनेट करू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण आधी मिस्टरांना एवढं सांगून या. लॅमिनेशनचं गरम प्लास्टिक एकदा कागदावर बसलं की ते परत सुटत नाही. सोडवायला गेलं तर चित्राचा थरच उचलून येतो. आणि तुमच्याकडे जे आहे ते पुन्हा मिळणारं नाही.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून अर्धा तास पाहत बसले होते. हा अंड्याच्या पांढऱ्यावर उतरवलेला फोटो दिसतो. घरात भिंग असेल तर तुम्हीही खात्री करून घ्या. पुस्तकात छापलेल्या चित्रावर भिंग धरलं तर ठिपके दिसतात. यात ठिपके दिसणार नाहीत. कागदाचे तंतू दिसतील आणि चकाकी असलेल्या थरावर बारीक चिरा दिसतील, उन्हाळ्यात खाजणातला चिखल सुकून तडकतो ना, तशा. जिथे पांढरं असायला हवं तिथे पिवळट झालेलं असेल. ही या कागदाची खूण.

त्या काळी पातळ कागदावर मीठ घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा थर देत, तो वाळला की चांदीच्या क्षारात बुडवत, आणि मग काचेची निगेटिव्ह त्यावर दाबून उन्हात ठेवत. फोटो ऊनच छापायचं. मोठा करायची सोय नव्हती, म्हणून काच जेवढी तेवढाच फोटो. दहा बाय बाराच्या काचा घेऊन सॅम्युअल बोर्नसारखे इंग्रज फोटोग्राफर १८६३ पासून हिंदुस्थानभर फिरले, तेव्हा एकेका काचेचं वजन आणि औषधांच्या बाटल्या वाहायला हमालांची रांग लागायची. तुमच्या फोटोवर कुणाची सही दिसत नाही, फक्त खालच्या कोपऱ्यात पांढरा आकडा आहे. तो निगेटिव्हवर लिहिलेला, त्या फोटोग्राफरच्या यादीतला नंबर. त्यावरून नाव लावायची घाई करू नका. बाजारात पाचशेचा फोटो पन्नास हजारांना विकायला नावं पटकन लागतात.

अंड्याचं मी मुद्दाम सांगितलं. तुमच्या घरात सोवळं पाळत असतील आणि फोटो देवघरात ठेवायचा विचार निघाला, तर मोठ्या माणसांना हे आधी कळलेलं बरं. नंतर कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं. एका घरात असं झालेलं मी पाहिलं आहे.

आता काळाबद्दल. हे मिनार असलेला घाट म्हणजे पंचगंगा. वर दिसते ती आलमगीर मशीद, औरंगजेबाच्या काळात बिंदुमाधवाच्या देवळाच्या जागी उभी राहिलेली. लोक तिच्या मिनारांना माधवरावाचा धरहरा म्हणायचे. त्यातला एक मिनार १९४८ मध्ये पडला आणि पुढे दुसराही धोक्याचा म्हणून उतरवला. आज तुम्ही नावेतून पाहिलंत तर मशीद दिसेल, मिनार नाहीत. म्हणजे तुमचा फोटो १९४८ च्या आधीचा, हे नक्की. पण कागद त्याहून बराच जुना सांगतो. अंड्याचा कागद १८५० पासून वापरात आला आणि १९०० च्या आसपास मागे पडला. राजघाटाचा रेल्वेपूल १८८७ मध्ये झाला; तो दिसला असता तर तारीख आणखी आवळता आली असती, पण तुमच्या फोटोत कॅमेरा त्या बाजूला वळलेलाच नाही. तेव्हा एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध म्हणा, त्यापुढे मी जात नाही.

पणजोबांचं जमतं. १८७० मध्ये मुंबईहून अलाहाबादमार्गे कलकत्त्यापर्यंत गाडी सुरू झाली. त्याआधी कोकणातून काशी म्हणजे पायीच. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी सत्तावनच्या बंडात अडकून, जीव मुठीत धरून, गंगेची कावड घेऊन परत आले होते. तुमच्या पणजोबांना बहुधा हर्णैहून बोटीनं मुंबई आणि पुढे गाडी, एवढं झालं असेल. तरीही ती लहान गोष्ट नव्हती. परत आल्यावर मावंदं घातलं असेल, सगळी केळशी जेवली असेल.

फोटोतलं पाणी पाहिलंत? एकही लाट नाही, साईसारखं गुळगुळीत. गंगा काही तशी नसते. काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागायचे, तेवढ्या वेळात लाटा येऊन जायच्या आणि सगळं पांढरं एकजीव व्हायचं. आकाशही कोरं आहे, कारण त्या काचेला निळा रंग फार लवकर लागायचा. आणि डावीकडून तिसऱ्या छत्रीखाली बसलेला घाटिया, म्हणजे घाटावरचा पंडा, पाहा. त्याची मांडी, पुढ्यातली गंधाची ताटली, खांद्यावरचं उपरणं, सगळं स्वच्छ आहे. डोकी मात्र दोन आहेत. एक नदीकडे, एक पायऱ्यांकडे, दोन्ही धुरकट. कुणीतरी हाक मारली असेल आणि त्यानं मान वळवली असेल. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका माणसानं मान वळवली, ते केळशीच्या माळ्यावर राहिलं. मला यापुढे दुसरं काही सुचलं नाही त्या दिवशी.

याच घाटावर अहिल्याबाईंनी बांधलेली दगडी दीपमाळ आहे, हजारा म्हणतात तिला. कार्तिकी पौर्णिमेला पेटते. फोटोत उजवीकडे पायऱ्यांवर जे शंकूसारखं दिसतंय ते तेच असावं असं मला वाटतं, पण चांगला स्कॅन झाल्याशिवाय शब्द देत नाही.

आता भिंत. ओटी नको. केळशीला समुद्र हाकेवर, ओटीवर पावसाळ्यात झड येते, पागोळ्यांचा तुषार आत येतो, सकाळी तिरकं ऊनही येतं. या कागदाला ऊन आणि ओल, दोन्ही विष. हवेतला दमटपणा पासष्ट टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरायला लागते आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात तो त्याच्या खाली येतच नाही. शिवाय चिऱ्याची बाहेरची भिंत पाणी पिते. तिला टेकवलेली तसबीर म्हणजे ओल्या फडक्याला टेकवलेली तसबीर.

म्हणून माझं सांगणं असं, की मूळ फोटो भिंतीवर लावूच नका. त्याची चांगली प्रत काढा आणि ती लावा. प्रत काढताना स्कॅनरचं झाकण वरून दाबू देऊ नका. जुना पुठ्ठा धनुष्यासारखा वाकलेला असतो, दाबला की मधून तडकतो. वरून कॅमेऱ्यानं, दोन बाजूंनी सारखा उजेड टाकून घेतलेली प्रत उत्तम. पुठ्ठ्यासकट, कडांसकट, मागच्या मोडीसकट घ्या. ती प्रत माजघराच्या आतल्या, न भिजणाऱ्या भिंतीवर लावा. चौकटीत काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे मधून कापलेल्या पुठ्ठ्याची, खिडकी हवी, चित्र काचेला लागता कामा नये. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे काप चिकटवा, म्हणजे भिंत आणि चौकट यांत अर्ध्या इंचाची फट राहील आणि वारा खेळेल. खिळा लोखंडी नको, पितळी घ्या. लोखंडी खिळा आपल्याकडे दोन पावसांत डोकं टाकतो.

मूळ फोटो आम्लविरहित कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. जमिनीला टेकलेल्या कप्प्यात नको, कसर आणि वाळवी तिथूनच चढतात. आगोटीच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा पेटी उघडायची, हात धुऊन, कोरडे करून. धूळ असेल तर मऊ ब्रश. ओलं फडकं कधीही नाही.

मोडीचं मी पाहते. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक मोडी वाचतात, त्यांच्याकडे तुमचा मागचा फोटो दिला आहे.

प्रश्न : काकू, देवबागला आमचा होमस्टे आहे. जेवणाच्या खोलीत लावायला ऑनलाइन ‘जुनं बनारस’ असं कॅनव्हासवर छापलेलं मोठं चित्र मागवलं होतं. एका पावसाळ्यात मधून पोट आलं आणि मागून काळे ठिपके पडले. आणखी चार घ्यायची आहेत, खोल्यांत आणि बाथरूमकडे जायच्या पॅसेजमध्ये. कोणतं घेऊ की टिकेल?
— एक वाचक, देवबाग

उत्तर : एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये तुझं घर. तिथे सुती कॅनव्हास टिकायचा नाही, रे. कापूस दमट हवा ओढून घेतो, ताणायची लाकडी चौकट फुगते आणि पोट येतं. तू पाठवलेल्या फोटोत मागे पाइनच्या पट्ट्या दिसतायत, काळे ठिपके त्यांच्यावरूनच सुरू झालेत. ते चित्र उन्हात टाकू नकोस, रंग उडेल. कोरड्या दिवशी सावलीत उभं कर, बुरशी सुकली की घराबाहेर नेऊन मऊ ब्रशनं झाड. नाकावर रुमाल बांध, ती पूड छातीत जाते.

नवीन करशील तर चांगल्या जाड, मॅट कागदावर छाप आणि मागे एसीपी, म्हणजे दोन अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेला तक्ता, लाव, पुढे काचेऐवजी अॅक्रिलिक. कडा मागून अॅल्युमिनियमच्या टेपनं बंद कर. थोडा खर्च जास्त येईल, पण दरवर्षी नवीन घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

चित्र विकत कशाला घेतोस? जुने फोटो मोठ्या ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी संगणकावर मोकळे ठेवलेले आहेत. आपल्या कायद्यात प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राचा हक्क २०१२ पर्यंत साठ वर्षं असायचा, आता तो फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं असतो. १८८० चा फोटो त्यातून केव्हाच सुटला. फक्त त्या संस्थेच्या अटी वाच, काही ठिकाणी धंद्यासाठी वेगळी परवानगी मागतात. आणि डाउनलोड करताना सगळ्यात मोठी प्रत घे. तीस इंच रुंद छापायचं तर निदान सहा हजार पिक्सेल रुंदी हवी. तुझ्या आताच्या चित्रात पायऱ्या लोण्यासारख्या वितळल्यात, ते लहान प्रत ताणल्यामुळे. चहाचा रंगही वरून दिलेला आहे. खऱ्या जुन्या फोटोत पिवळेपणा उजेडाच्या जागी जास्त असतो, यात सगळीकडे एकसारखा फासलाय.

पॅसेजचं मला पटलं नाही. बाथरूमच्या दाराशी गंगेचा घाट नको. यात मी वास्तू-बिस्तू बोलत नाही. तुझ्याकडे येणाऱ्यांतला कुणीतरी नुकताच आईच्या अस्थी सोडून आलेला असतो, त्यानं ओला टॉवेल खांद्यावर टाकून त्या चित्राखालून जायचं का? तिथे मालवणच्या बंदराचा, होड्यांचा फोटो लाव.

आणखी एक मनात आलं ते सांगते. चारही चित्रं बनारसचीच कशाला? कुणकेश्वर तुझ्यापासून दोन तासांवर, त्याला कोकणची काशी म्हणतात. हरिहरेश्वर दक्षिण काशी. राजापूरची गंगा तर अचानक येते आणि अचानक जाते, चौदा कुंडं भरतात, त्यातल्या एकाचं नावच काशीकुंड. गंगा आलेली असताना कुणाकडून तरी चांगले फोटो काढून घे. पाहुणे जेवताना विचारतील आणि तुला सांगायला काही असेल.

प्रश्न : कॉलेजच्या प्रदर्शनासाठी बनारसचे जुने फोटो छापतोय. एका फोटोत पाण्याकडचं देऊळ तिरकं आलंय. ही लेन्सची चूक का? सरळ करून छापलं तर चालेल?
— एक विद्यार्थी, देवरुख

उत्तर : नाही, अजिबात नाही. ते रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे, मणिकर्णिकेच्या शेजारी, आणि ते खरोखरच कललेलं आहे. शेजारचा सिंधिया घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधला, तोही स्वतःच्या वजनानं खचला होता. तिथला काठ दगडाचा एवढा भार पेलत नाही.

माझ्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलानं एका गिऱ्हाइकाच्या फोटोतलं हेच देऊळ प्रामाणिकपणे सरळ केलं होतं. देऊळ सरळ झालं आणि गंगा एका बाजूला उतरली. फोटो सरळ करायचा तर पाण्याची रेघ धर.

प्रश्न : ताई, २०२१ च्या पुरात आमच्या हॉलमधली तसबीर दोन दिवस पाण्यात होती. आजीचा आवडता काशीचा फोटो, नावेत बसलेली माणसं असलेला, काळा-पांढरा. वाळल्यावर तो काचेला चिकटला. तेव्हापासून तसाच कपाटात आहे. काढून दुसऱ्या फ्रेममध्ये घालायचा आहे. एक जण म्हणाला, गरम पाण्यात टाका, सुटेल.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तो फोटो इतकी वर्षं तसाच ठेवलात हे फार चांगलं केलंत. गरम पाण्यात टाकू नका.

बावीस जुलैनंतरच्या आठवड्यात मी चिपळूणला आले होते. ओळखीच्यांच्या घरातला चिखल उपसायला आले होते, फोटो वाचवायला नव्हे. पण तिसऱ्या घरात एका बाईंनी पदरात गुंडाळलेल्या सहा तसबिरी माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, भांडी राहू देत, हे बघ. तेव्हापासून मला पुरातल्या फोटोंची पत्रं येतात.

तुमच्या वर्णनावरून हा फोटो अंड्याच्या कागदाचा नाही, नंतरचा आहे, जिलेटिनचा. जिलेटिन पाण्यात फुगतं आणि मऊ चिकट होतं. तसं असताना काचेला दाबून वाळलं की ते काचेशी एकजीव होतं. भिजलेला असतानाच स्वच्छ थंड पाण्यात सोडवता आला असता, कारण तेव्हा ते ओलं होतं. आता गरम पाण्यात टाकलं तर जिलेटिन विरघळून निघेल आणि नावेतली माणसं पाण्यात जातील. थंड पाण्यात भिजवून सोडवायचा प्रयत्न जाणकार करतात, पण तोही दरवेळी यशस्वी होत नाही, आणि काही फोटोंत हातानं रंग भरलेले असतात, ते आधी सुटतात.

म्हणून असं करा. तसबीर चौकटीतून काढा, पण काच आणि फोटो वेगळे करू नका. मागचा पुठ्ठा कुजलेला असेल, तो सुटा होत असेल तर काढा, चिकटला असेल तर राहू द्या. काच बाहेरच्या बाजूनं कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. मग काचेतूनच फोटोचा फोटो काढून घ्या. खोलीत अंधार करा, उजेड दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांतून द्या, आणि कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड धरा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब येणार नाही. जिथे चिकटलंय तिथे ओले, गडद डाग दिसतील, मोकळ्या जागा फिक्या दिसतील. प्रतीवर ते बऱ्यापैकी सारखे करता येतात. ती प्रत फ्रेम करा. काच आणि फोटो एकत्रच, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, पेटीत उभं न ठेवता आडवं ठेवा.

आणि चिपळुणातल्या सगळ्यांनाच सांगते, तळमजल्यावर मूळ फोटो ठेवू नका. पूर आला तेव्हा बऱ्याच घरांत तळमजला गेला, वरचा मजला वाचला.

यात माझी एक जुनी चूकही सांगायला हवी. धंद्यात नवी असताना मी वडिलांकडून शिकले तशीच खळ वापरायचे, मैद्याची, मोरचूद घातलेली. मोरचूदामुळे कसर लागत नाही, बाइंडर लोक अजूनही घालतात. पण तांब्याचा तो क्षार कागदाला आतून खातो. पाठीमागे प्लायवूड लावायचे, तेही वाईट. पाच-सहा पावसांनी एका गिऱ्हाइकाच्या आईवडिलांच्या फोटोवर प्लायवूडच्या नसा तपकिरी लाटांसारख्या उमटल्या. त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही. तो फोटो मला पुन्हा पहिल्यासारखा करता आला नाही, आणि तेव्हापासून माझ्या दुकानात प्लायवूड नाही, मोरचूद नाही. तुमच्याकडे माझ्या दुकानातली तीस वर्षांपूर्वीची तसबीर असेल तर घेऊन या, पाठ मी बदलून देईन, पैसे नकोत.

प्रश्न : माझ्या दिवंगत मिस्टरांना जुन्या पोस्टकार्डांचा छंद होता. त्यातलं मणिकर्णिका घाटाचं एक मोठं करून मी त्यांच्या खोलीत लावणार होते. सूनबाई म्हणते, स्मशानाचं चित्र घरात नको. ती चिडून नाही म्हणत, तिला खरंच भीती वाटते. काशीत मरण मंगल मानतात ना?
— एक वाचक, चौल

उत्तर : मानतात. मणिकर्णिकेवर चिता विझत नाही असं म्हणतात आणि शेजारच्या पायऱ्यांवर लोक स्नान करतात, चहा पितात, मुलं पतंग उडवतात. मी स्वतः तिथे एक सकाळ बसले आहे. भीती वाटली नाही. लाकडांनी भरलेल्या नावा लागत होत्या, एक म्हातारा ओंडके तोलून वजन सांगत होता, आमच्याकडे मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी मोजतात तसा, मन लावून.

पण मावशी, तिथे बसणं वेगळं आणि ते रोज रात्री दिवा मालवताना भिंतीवर दिसणं वेगळं. सूनबाईला त्या खोलीवरून जावं लागतं. तिची भीती खरी आहे असं तुम्हीच लिहिलंत, मग शास्त्राचा आधार घेऊन ती दाबू नये असं मला वाटतं.

तुम्ही कार्डाचा फोटो पाठवलात, तो मी नीट पाहिला. दूरवरून घेतलेलं आहे, देवळांची शिखरं, लाकडांच्या राशी, थोडा धूर. चिता ओळखू येत नाही. असं चित्र मी लावायला हरकत घेणार नाही. पण याच घाटाची अशीही कार्डं परदेशी प्रवाशांसाठी छापली जायची, ज्यांत जळणारं प्रेत अगदी जवळून घेतलेलं असतं. तो कुणाचा तरी बाप, कुणाची तरी आई. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पायऱ्यांवर ओलेत्यानं उभ्या असलेल्या बायकांचे फोटोही तसेच. ती कार्डं संग्रहात असू द्यात, अभ्यासाला लागतात. मोठी करून भिंतीवर लावायला माझ्याकडे कुणी आणली तर मी नाही म्हणते.

मिस्टरांच्या संग्रहात अस्सी किंवा दशाश्वमेधाचं एखादं कार्ड नक्की असेल. दशाश्वमेध ओळखायला सोपा, छत्र्या आणि गर्दी. ते तुम्ही आणि सूनबाई दोघी मिळून निवडा. मणिकर्णिकेचं कार्ड मूळ आकारातच, त्यांच्या अल्बममध्ये, त्यांनी ठेवलं होतं त्याच पानावर राहू द्या. आणि मोठं करायला देताना एक लक्षात ठेवा. ते कार्ड छापील आहे, म्हणजे ठिपक्यांचं. बारा इंचांपर्यंत ठीक, पुढे ठिपकेच दिसायला लागतील.

केळशीच्या ताईंसाठी : अंक छापायला जात असताना गुरुजींनी मोडी वाचून दिली. शाई फिकट आहे, एक शब्द लागला नाही. पहिली ओळ ‘श्रीकाशीविश्वेश्वर प्रसन्न’. दुसरी अशी : ‘पंचगंगेवर स्नान घडले. मातोश्रींस दाखविण्यासाठी घेतला.’ न लागलेला शब्द बहुधा किंमत असावी, कारण त्याच्यापुढे आण्याची खूण आहे.

म्हणजे पणजोबांच्या आईंना जाणं जमलं नव्हतं. फोटो भिंतीसाठी घेतलेला नव्हता, हातात देण्यासाठी घेतला होता. खालच्या उजव्या कोपऱ्यात पुठ्ठा काळपट, गुळगुळीत झालाय, मी तो ओलीचा डाग समजले होते. तिथे अंगठा येतो. हात लावून पाहा, म्हणजे कळेल. तो डाग कुणालाही साफ करू देऊ नका, आणि प्रत काढाल तेव्हा तो कोपरा कापला जाणार नाही एवढं पाहा. कार्तिकी पौर्णिमेच्या आधी रत्नागिरीला येणार असाल तर दुपारी तीननंतर या, तेव्हा दुकानात उजेड चांगला असतो. फोटो मांडीवर घेऊन या, डिकीत नको.